शब्दवेधाचा कर्ता

गेल्या दिवाळीच्या सुटींत आमचा एक जुना विद्यार्थी नांदेडाहून लातुरास आमच्या घरीं आला. कॉलेजच्या पहिल्या वर्षांत त्यानें आमच्याजवळ इंग्रजी व्याकरण गिरविलें होतें. पुढें तो अभियंता झाला आणि आतां रडारच्या चित्रांवर प्रबंध लिहीत आहे. प्रबंधाच्या प्रस्तावनेची भाषा तेवढी आम्हीं तपासावी, अशी त्याची विनंति होती. त्याच्या शास्त्रांतलें आम्हांस फारसें कळत नाहीं, पण क्रियापदें कळतात. म्हणून आम्हीं लाल पेन्सिल हातांत घेतली. पहिल्याच पानावर एक वाक्य आलें. त्याचा मराठी भावार्थ असा कीं, प्रतिमेवरून लक्ष्य ओळखलें जातें, त्याचा वर्ग ठरविला जातो व पुढील कारवाई केली जाते. वाक्यांत व्याकरणाची चूक नव्हती. तरीहि आमची पेन्सिल तेथें थांबली. क्रियापदें तीन आणि कर्ता एकालाहि नाहीं! आम्हीं विचारलें, "अरे, ओळखतो कोण?" तो म्हणाला, "सर, शास्त्रीय लेखनांत कर्मणि प्रयोगच करावयाचा असतो."

त्याचें उत्तर बरोबर होतें. परंतु तो परत गेल्यावरहि प्रश्न आमच्याजवळच राहिला. संरक्षण-संशोधनांत जें यंत्र दुरून लक्ष्य ओळखतें, त्या ओळखीचा कर्ता कोण, आणि ओळख चुकली तर त्या चुकीचा धनी कोण, याचा थोडा विचार आज वाचकांपुढें मांडावयाचा आहे.

प्रथम हें चित्र कसें निघतें तें पाहूं. छायाचित्राला उजेड लागतो. रडारला तो लागत नाहीं. विमानावरचें वा उपग्रहावरचें रडार आपल्याच जवळच्या सूक्ष्म लहरी जमिनीकडे तिरप्या सोडतें आणि त्यांचा प्रतिध्वनि किती वेळानें व किती जोरानें परत आला हें मोजतें. अंटेना जितकी लांब तितकें चित्र रेखीव. पण कोसभर लांबीची अंटेना आकाशांत नेणार कोण? १९५१ सालीं कार्ल वायली या अमेरिकन अभियंत्याला यावर युक्ति सुचली. लहान अंटेना चालत्या विमानावर बसवावी आणि वाटेंत ठिकठिकाणीं टिपलेले प्रतिध्वनि गणितानें एकत्र जुळवावे, म्हणजे तेवढी लांब अंटेना असल्याचें फळ पदरीं पडतें. असें चित्र रात्रीं निघतें, भर पावसाळ्यांत ढगांच्या आडूनहि निघतें. मुंबईवरील २००८ च्या हल्ल्यानंतर भारतानें २० एप्रिल २००९ रोजीं रिसॅट-२ हा रडार-उपग्रह सोडला, २६ एप्रिल २०१२ रोजीं रिसॅट-१, आणि ३० जुलै २०२५ रोजीं अमेरिकेच्या सहकार्यानें निसार.

मात्र हें चित्र आपल्या डोळ्यांच्या ओळखीचें नसतें. आमच्या विद्यार्थ्यानें दाखविलेलें चित्र आम्हांस काळ्या घोंगडीवर मिठाचे खडे सांडावेत तसें दिसलें. जेथें लोखंडाचे पत्रे काटकोनांत मिळतात तेथून लहरी आल्या वाटेनें परततात आणि ठिपका लखलखतो. संथ पाण्यावरून त्या भलतीकडेच निसटतात आणि तळें काळें उमटतें. धांवती आगगाडी तर पुष्कळदां रुळांवरून सरकून शेजारच्या शेतांत दिसते, कारण तिच्या गतीनें प्रतिध्वनीचें गणित फसतें. थोडक्यांत, रडार वस्तूला पाहत नाहीं. तें तिला हांक मारतें आणि तिची ओ ऐकतें.

या ओ-वरून वस्तूचें नांव सांगण्याची विद्या सध्यां जगभर जोरांत आहे. तिच्या अभ्यासासाठीं अमेरिकेच्या संरक्षण-संशोधकांनीं १९९० नंतरच्या दशकांत 'एमस्टार' नांवाचा चित्रसंग्रह केला आणि त्यांतला कांहीं भाग सर्वांस खुला केला. सुमारें एक फुटापर्यंतचा तपशील दाखविणाऱ्या या चित्रांत दहा प्रकारचीं वाहनें आहेत. देशोदेशींचे विद्यार्थी त्यांवर आपलीं यंत्रें पढवितात, आणि शंभरांत नव्याण्णव चित्रें बरोबर ओळखल्याचे निबंध प्रसिद्ध होतात. आमच्या विद्यार्थ्याचा आंकडाहि तितकाच होता आणि त्याचा त्याला रास्त अभिमान होता. आम्हीं त्याला खोदून विचारीत गेलों, तों तीन गोष्टी बाहेर आल्या.

त्या दहांत टी-७२ हा रणगाडा आहे. अमेरिकेच्या संग्रहांत तो परक्याचा रणगाडा म्हणून आला. पण आपल्या भारतीय सेनेंतहि तोच रणगाडा आहे. म्हणजे यंत्रानें नांव अगदीं बरोबर सांगितलें तरी तो कोणाचा, हें सांगितलेलें नसतेंच. दुसरी गोष्ट अशी कीं, त्या दहांत एक मालमोटार आहे आणि एक बुलडोझर आहे. बुलडोझर शत्रूचे खंदक खणतो हें खरें. तोच बांधबंदिस्तीला येतो, रस्ता करतो आणि पडलेल्या घरांचा ढिगारा उपसतो. तिसरी गोष्ट सर्वांत चमत्कारिक. कांहीं शोधकांनीं या चित्रांतलें वाहनच झांकलें आणि भोंवतालच्या जमिनीचा तुकडा तेवढा यंत्राला दाखविला; तरीहि यंत्र पुष्कळ वेळां बरोबर नांव सांगूं लागलें! प्रत्येक वाहनाचीं चित्रें ठराविक जागीं घेतलेलीं होतीं, त्यामुळें यंत्रानें वाहनाबरोबर त्याखालची मातीहि पाठ केली होती. ज्या ओळखीचें कौतुक झालें, तींतला कांहीं भाग शेजाऱ्याच्या ओळखीचा होता.

शब्दावरून वेध घेण्याची विद्या आपणांस अपरिचित नाहीं. वाल्मीकींच्या अयोध्याकांडांत मरणोन्मुख दशरथ आपल्या तारुण्यांतली एक रात्र कौसल्येला सांगतो. पावसाळ्याचे दिवस, शरयूचा कांठ, गडद अंधार. पाण्यांत घागर बुडत असल्याचा आवाज आला आणि दशरथाला तो हत्तीचा वाटला. शब्दवेधी म्हणून त्याची कीर्ति होती व ती त्याला प्रिय होती. बाण सुटला, नेम चुकला नाहीं, चुकली ती ओळख. ज्याला आपण श्रावणबाळ म्हणतों तो मुलगा पाण्याच्या कांठीं पडला. परंतु कथा तेथें संपत नाहीं. दशरथ तीच घागर भरून घेऊन आंधळ्या आईबापांकडे जातो. पावलें ऐकून मुलगाच आला असें त्यांना वाटतें, आणि दशरथ आपलें नांव सांगून आपल्या हातून काय घडलें तें सांगतो. मुनि त्याला शाप देतात. पण हेंहि बजावतात कीं, हें कर्म तूं स्वतः येऊन कबूल केलें नसतेंस, तर तुझ्या मस्तकाच्या ठिकऱ्या झाल्या असत्या. दशरथाच्या वाक्याला कर्ता होता. आमच्या विद्यार्थ्याच्या यंत्राला बाणाचें शिक्षण मिळालें आहे. घागर घेऊन जाण्याचें मिळालेलें नाहीं, आणि मिळणारहि नाहीं.

यावर तीन आक्षेप येतील. पहिला असा कीं, साधन निर्दोष असतें, दोष वापरणाराचा. रडारपुरता हा आक्षेप आम्हांस मान्य आहे. कॅलिफोर्नियांतील लँडर्स येथें १९९२ सालीं झालेल्या भूकंपानें जमीन किती सरकली, याचा नकाशा फ्रेंच शास्त्रज्ञांनीं रडारच्या चित्रांवरून काढला व १९९३ च्या जुलैंत प्रसिद्ध केला. त्यानंतर तीन महिने व्हावयाच्या आंतच, ३० सप्टेंबरच्या पहांटे, अनंत चतुर्दशीचें विसर्जन आटोपून निजलेलें किल्लारी दगडमातीच्या भिंतींखालीं गाडलें गेलें. तें ज्यांनीं पाहिलें, आणि २०२५ च्या पावसाळ्यांतले मराठवाड्याचे पूर ज्यांनीं पाहिले, त्यांना ढगांआडून पाणी व भूमि पाहणारी विद्या नको असें कधींहि म्हणवणार नाहीं. परंतु दहा वाहनांचीं नांवें पाठ केलेल्या यंत्राला पुराचें कांहीं कळत नाहीं. त्याच्या पुढ्यांत जें येतें त्याला 'लक्ष्य' हें नांव आधींच दिलेलें असतें. सुरी भाजीहि चिरते हें खरें. पण ही सुरी ज्यानें घडविली त्यानें ती भाजीसाठीं घडविलेली नाहीं.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. ओळख जितकी नेमकी, तितके निरपराध कमी मरतील; आंधळ्या बाँबफेकीपेक्षां डोळस नेम बरा. हें आम्ही नाकारीत नाहीं. मात्र नव्याण्णव या आंकड्याचा अर्थ नीट लावला पाहिजे. समजा, उसाच्या हंगामांत एखाद्या मुलुखांत हजार वाहनें फिरत आहेत. त्यांत दहा रणगाडे आणि बाकीचे नऊशें नव्वद ट्रॅक्टर, ट्रॉल्या व मालमोटारी. यंत्र शंभरांत एकदां चुकतें असें धरलें, तर तें बहुधा दहाहि रणगाडे दाखवील. पण त्यांबरोबर सुमारें दहा निरुपद्रवी वाहनांनाहि रणगाडाच म्हणेल. म्हणजे ज्यांच्यावर बोट ठेवलें त्यांतले निम्मे निरपराध! प्रयोगशाळेंत ही चूक शंभरांत एक असते, रस्त्यावर ती दोहोंत एक होते. आणि गणितांत कोठेंहि लबाडी झालेली नसते.

तिसरा आक्षेप राष्ट्राच्या संरक्षणाचा. शत्रु आपल्या शंका फिटेपर्यंत थांबत नाहीं, आणि रात्रींच्या अंधारांत सीमेवर उभ्या असलेल्या जवानाला दूरचा डोळा देणें हें कर्तव्यच आहे. हेंहि आम्हांस मान्य आहे; त्या जवानांत आमच्या वर्गांत बसलेले मुलगे आहेत. पण त्या जवानाच्याच दृष्टीनें पाहूं. २७ फेब्रुवारी २०१९ रोजीं काश्मीरांत बडगाम येथें आपल्याच क्षेपणास्त्रानें आपलेंच हेलिकॉप्टर पाडलें. वायुसेनेचे सहा जण गेले व जमिनीवरचा एक नागरिक गेला. त्या सहांत एक तरुण वैमानिक नाशिकचा होता. त्याच वर्षीं ४ ऑक्टोबर रोजीं वायुसेनाप्रमुखांनीं ही आपली मोठी चूक होती असें उघडपणें सांगितलें. दुःख त्यानें कमी झालें नसेल. परंतु त्या वाक्याला कर्ता होता. उद्यां हीच ओळख यंत्रानें केली व बाणहि यंत्रानेंच सोडला, तर त्या वैमानिकाच्या घरीं कोण जाणार?

आम्हां मराठवाड्यांतील लोकांस हा प्रश्न पुस्तकी वाटूं नये. खुणेवरून माणूस ओळखण्याचा प्रकार या भूमीनें एकदां पाहिला आहे. १९४८ सालीं रझाकार गांवांवर तुटून पडत, तेव्हां धोतर आणि कपाळावरचें गंध एवढी खूण त्यांना पुरे होई. १३ ते १७ सप्टेंबरच्या पोलिस-कारवाईनंतर वारें फिरलें आणि टोपी व दाढी एवढी खूण पुरे होऊं लागली. पंडित सुंदरलाल यांच्या समितीनें ज्या चार जिल्ह्यांत सर्वांत अधिक हानि झाल्याचें नोंदविलें, त्यांत नांदेड होता, आणि ज्यांत तेव्हां लातूर मोडत असे तो उस्मानाबादहि होता. रझाकार कोण व त्याच्याच गल्लींतला गरीब कारागीर कोण, हें विचारण्यास थांबणारे थोडे निघाले. लहानपणीं आम्हीं वडीलधाऱ्यांना विचारीत असूं कीं, त्या लोकांना कोणीं मारलें. उत्तर येई, 'मारले गेले.' तो कर्मणि प्रयोग शास्त्रीय लेखनांतला नव्हता.

मग करावें काय? लातूर हें परीक्षांचें गांव आहे, म्हणून उदाहरण तेथलेंच देतों. वैद्यकीय प्रवेशपरीक्षेंत बरोबर उत्तराला चार गुण मिळतात, चुकलेल्याला एक गुण कापला जातो आणि कोऱ्या जागेला शून्य. ठाऊक नसेल तेथें कोरें सोडावें, हें येथल्या सतरा वर्षांच्या मुलाला कळतें. आमच्या विद्यार्थ्याच्या यंत्राला मात्र कोरें सोडण्याची मुभाच नव्हती. दहांपैकीं एक नांव त्याला सांगावेंच लागे. बैलगाडी दाखविली तरी! अशी मुभा असलेलें यंत्र करतां येतें, आणि कांहीं शास्त्रज्ञ तसा प्रयत्न करीतहि आहेत. फक्त त्यानें आंकड्याची शोभा कमी होते. युद्धाच्या नियमांनाहि हा कोरेपणा ठाऊक आहे. १९७७ च्या जिनीव्हा येथील पहिल्या जादा करारनाम्यांत असें म्हटलें आहे कीं, माणूस सैनिक कीं नागरिक अशी शंका असेल तेथें त्याला नागरिकच समजावें. भारत त्या करारनाम्याचा सभासद नाहीं. परंतु संशयाचा फायदा समोरच्याला द्यावा, हें तत्त्व समजण्यास सहीची गरज नाहीं. शंका घेतां येणें हें ओळखण्याचेंच अंग आहे. ज्याला शंका येत नाहीं तो ओळखीत नाहीं. तो फक्त नांव ठेवतो.

म्हणून संशोधकानें आपलें काम टाकून द्यावें, असें आमचें म्हणणें नाहीं. त्यानें यंत्राला 'ठाऊक नाहीं' म्हणावयास शिकवावें. यशाचा आंकडा ज्या पानावर छापतो, त्याच पानावर चुकांचाहि हिशेब मांडावा. आणि ज्याच्या हातीं तें यंत्र देतो त्याला स्पष्ट सांगावें कीं, हा अंदाज आहे, निर्णय तुझा आहे, आणि चुकलें तर घागर तुला उचलावी लागेल. 'मी फक्त ओळख करून देतों, बाण दुसरा सोडतो' असें म्हणून संशोधकालाहि मोकळें होतां येत नाहीं. अंधारांत ज्यानें 'तो पाहा हत्ती' असें सांगितलें, त्यालाहि शरयूपासून त्या झोपडीपर्यंत थोडी वाट चालावीच लागते.

महिन्यानें विद्यार्थ्याचें पत्र आलें. तें वाक्य त्यानें बदललेलें नाहीं. परीक्षकांना कर्मणि प्रयोगच रुचतो. मात्र चुकलेल्या चित्रांचें एक निराळें प्रकरण त्यानें प्रबंधाला जोडलें आहे, आणि यंत्राच्या उत्तराला जेथें 'निर्णय' म्हटलें होतें तेथें सर्वत्र 'अंदाज' असें केलें आहे. 'आंकडा थोडा खालीं आला आहे, सर,' असें त्यानें शेवटीं लिहिलें आहे. त्या खालीं आलेल्या आंकड्याबद्दल आम्हीं त्याचें अभिनंदन केलें.