पाद्र्याचा शब्द

कुंभकोणमजवळच्या तिरुनागेश्वरम् गावी ओप्पिलिअप्पन पेरुमाळला आजही अळणी नैवेद्य दाखवतात. देवाने मुलीला मागणी घातली तेव्हा मार्कंडेय ऋषी म्हणाले होते, मुलगी लहान आहे, तिला मीठ घालायचंही कळत नाही. देव म्हणाला, मग मी बिनमिठाचं जेवेन. तो शब्द तिथे रोज पाळला जातो. ही कथाही शब्द पाळण्याचीच, त्याच मुलखातली, पण एका ख्रिस्ती पाद्र्याची.

अठराव्या शतकात तंजावरला भोसल्यांचं राज्य होतं. ख्रिश्चन फ्रीडरिक श्वार्ट्झ १७५० साली जर्मनीहून तरंगंबाडीला उतरले आणि पुढे तंजावरला स्थायिक झाले. ते तमिळ शिकले, मराठीही शिकले. अंगात काळा रंगवलेला साधा सुती झगा, ताटात भात-भाजी. पहाटे उपदेशकांबरोबर प्रार्थना करून त्यांना गावोगाव धाडायचं. दिवेलागणीला ते परतले की कोणाला भेटलात, काय बोललात, हे एकेकाकडून ऐकायचं आणि पुन्हा प्रार्थनेला बसायचं. वर्षानुवर्षं हाच क्रम. १७७९ मध्ये म्हैसूरच्या हैदर अलीने त्यांना तीनशे रुपये दिले, तेही त्यांनी अनाथ मुलांच्या शाळेला लावले.

पुढे हैदरच्या स्वारीत मुलूख उजाड झाला. तंजावरच्या किल्ल्यात माणसं भुकेने रस्त्यात मरून पडू लागली. बाहेर धान्य होतं, पण ते आणायला बैल कोणी देईना. आधीचे पैसे बुडालेले, सरकारी वचनावर कोण विसंबणार? तुळजाजी राजांनी पाद्रीबाबांना मध्ये घातलं. प्रत्येकाचे पैसे मी माझ्या हाताने देईन, असं त्यांनी लोकांना कळवलं. एक-दोन दिवसांत हजारावर बैल आले, धान्य आत पोचलं, आणि पैसे खरोखरच मिळाले.

ही पत त्या दोन दिवसांत कमावलेली नव्हती. माझ्या मते ती त्या भाताच्या ताटावर आणि रोजच्या संध्याकाळच्या त्या बैठकीत साठत गेली होती. शेतकऱ्यांनी श्वार्ट्झना सणासुदीला नव्हे, रोज पाहिलं होतं.

नंतर वसुलीच्या जुलमाला कंटाळून हजारो कुळं मुलूख सोडून गेली. राजांनी अभय देऊनही कोणी परतेना. पुन्हा श्वार्ट्झनी हमी दिली, आणि एका दिवसात सात हजार माणसं परत आली. एरवी जूनमध्ये सुरू होणारी शेती सप्टेंबर उजाडला तरी अडलेली होती. श्वार्ट्झ त्यांना म्हणाले, आता उशीर करू नका. तुम्ही आमच्यासाठी उभे राहिलात, तुम्हाला खाली पाहावं लागणार नाही, असं सांगून ती माणसं रात्रंदिवस शेतात राबू लागली.