नंदबाबा तेव्हा घरी नव्हते



आठ दिवस इथे काही लिहिलं नाही. काही जणांनी मेसेज करून विचारलं, म्हणून आधी तेच सांगतो. सगळं ठीक आहे. आमचा धाकटा आजारी होता, यवतमाळला अ‍ॅडमिट होता, परवा घरी आलाय. हे मी झरीला, आमच्या घराच्या ओसरीत बसून लिहितोय आणि तो आत आजीशी बिस्किटावरून भांडतोय.

रोज वाचणाऱ्यांना आठवत असेल, गोकुळाष्टमीला आपण भागवताचा दशम स्कंध सुरू केला होता. रोज एक अध्याय. सहावा अध्याय त्रयोदशीला आला, पूतनेचा. त्या दिवशी सकाळी हैदराबादच्या मेट्रोत उभ्या उभ्या मी तो वाचला आणि ऑफिसला पोचायच्या आत त्यावर लिहूनही टाकला. पूतना म्हणजे मोह, बाहेरून सुंदर आणि आतून विषारी, मोबाइलचं व्यसनही तसंच, वगैरे. वीस मिनिटांत झालेलं चिंतन. ते मी आता इथून काढून टाकलंय. चूक नव्हतं त्यात काही, पण ज्या घरात लहान मूल आजारी आहे अशा घरात बसून तो अध्याय मी वाचलाच नव्हता.

झालं असं. पोळ्यासाठी बायको दोन्ही मुलांना घेऊन आधीच गावी आली होती. मोठी सहा वर्षांची, धाकटा अडीच. मी पोळ्याच्या आदल्या रात्री निघणार होतो, कारण त्रयोदशीच्या रात्री आमचं रिलीज होतं. रिलीजच्या कॉलवर असताना मी फोन सायलेंटवर टाकतो. दोन कॉल येऊन गेले. तिसरा उचलला तेव्हा ती म्हणाली, "अहो, ह्याचा ताप उतरत नाहीये आणि श्वास फार जोरात चाललाय." मी काय म्हणालो? "क्रोसिन दे, सकाळी पांढरकवड्याला दाखव, मी कॉलवर आहे." हे वाक्य मी मुद्दाम जसंच्या तसं लिहितोय.

गावात माझ्यापेक्षा शहाणी माणसं होती, हे नशीब. शेजारच्या काकू पोराला पाहायला आल्या, त्यांनी आशाताईंना बोलावून आणलं. आशाताईंनी त्याचा सदरा वर केला, घड्याळ धरलं आणि पूर्ण एक मिनिट श्वास मोजले. 52. एक ते पाच वर्षांच्या मुलाचे श्वास मिनिटाला 40 किंवा त्याहून जास्त असले तर तो जलद श्वास धरतात, न्यूमोनियाची शंका घ्यायची. त्यात बरगड्यांखाली छाती आत ओढली जात होती. आपल्याकडे 'पोट उडतं' म्हणतात ना, तेच. त्या म्हणाल्या, सकाळची वाट पाहू नका. आणि 108 ला फोन लावला. (ज्यांच्या घरी लहान मुलं आहेत त्यांनी हे श्वास मोजायचं शिकून घ्या. मूल शांत असताना, पूर्ण एक मिनिट. मला हे येत नव्हतं. सर्व्हरला मिनिटाला किती रिक्वेस्ट येतात ते मी झोपेतही सांगेन.)

तोवर इकडे कॉलवर मी नुसता "हो, हो" म्हणत होतो. आमच्या टीममधल्या एक सीनियर बाई, दोन मुलांची आई, त्यांनी माझा आवाज ओळखला. "काय झालं?" मी सांगितलं. त्या म्हणाल्या, "तुझा भाग झालाय ना? मग इथे का थांबलायस? निघ."

नागपूरला जाणारी ट्रॅव्हल्स मिळाली. बसमध्ये बसल्यावर बायकोचा मेसेज आला की पांढरकवड्याच्या सरकारी दवाखान्यात ऑक्सिजन लावलाय आणि यवतमाळला न्यायला सांगितलंय. आईचा फोन आला, "बाबू, घाबरू नको, आम्ही आहो इथं." मागून मोठीच्या रडण्याचा आवाज. मग निर्मलच्या पुढे कुठेतरी रेंज गेली. काळोख, पाऊस, ड्रायव्हरच्या केबिनमधला निळा दिवा. आणि तेव्हा, खरंच सांगतो, सकाळी वाचलेला अध्याय दुसऱ्यांदा उघडला. डोळ्यांसमोर नव्हे, आत.

त्या अध्यायाची सुरुवात पूतनेने होत नाही. सुरुवात होते रस्त्यावर. नंदबाबा मथुरेला गेले आहेत, कंसाचा वार्षिक कर भरायला. मौज नव्हे ती, गोकुळाच्या प्रमुखाचं कामच आहे. भरला नाही तर सगळ्या गोकुळावर संकट. तिथे वसुदेव त्यांना भेटतात, ख्यालीखुशाली होते आणि वसुदेव म्हणतात, कर भरून झाला, आपली भेट झाली, आता इथे जास्त थांबू नका, गोकुळात उत्पात दिसतायत. नंदबाबा बैल जुंपलेल्या गाड्यांमधून परत निघतात. सहाव्या अध्यायाच्या पहिल्याच श्लोकात ते वाटेवर आहेत. वसुदेवाचं बोलणं खोटं नसणार हे मनात घोळतंय, काहीतरी विपरीत घडेल अशी शंका आहे, आणि त्या शंकेपोटीच ते हरीला शरण जातात.

हा श्लोक मी कितीदा तरी ओलांडून गेलोय, पूतना कधी येते म्हणून. त्या रात्री तिथेच अडकलो. नंदबाबा निर्धास्त नाहीत. 'देव बघून घेईल' म्हणून गाडीत झोपलेले नाहीत. भीती वाटतेय, आणि त्या भीतीसकट ते शरण गेलेत. मला लहानपणापासून वाटायचं की घाबरला म्हणजे श्रद्धा कमी पडली. इथे तर भीतीच्याच पायवाटेने माणूस हरीकडे गेलाय. आणि ज्याच्यासाठी तो हरीला आळवतोय, तो पाळण्यातला हरीच. त्यांना ते माहीत नाही. माहीत नसण्याने त्यांच्या प्रार्थनेचं काही बिघडत नाही.

पैनगंगा ओलांडली तेव्हा रेंज आली. यवतमाळला पोचले होते ते.

वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात मी सकाळी पोचलो. बालरोग वॉर्ड. नाकाला नळ्या, हाताला सलाइन आणि सलाइन ओढू नये म्हणून हाताखाली पुठ्ठा बांधलेला. बायको रात्रभर जागी. तिने माझ्याकडे पाहिलं आणि फक्त म्हणाली, "आलात." त्या एका शब्दाला उत्तर नव्हतं माझ्याकडे. मी तिच्याजवळ बसलो. रागावली असती तर सोपं गेलं असतं.

मॉनिटरवर ऑक्सिजनचा आकडा होता. 93, 92, 94, 91. माझं कामच आहे असे आकडे बघण्याचं, अमुकच्या खाली गेला की अलर्ट. दिवसभर मी त्या स्क्रीनला चिकटून होतो, 91 झाला की सिस्टरकडे पळायचो. तिसऱ्या वेळी सिस्टर म्हणाल्या, "सर, आकडा नका पाहू सारखा. लेकराकडे पाहा. पाय हलवला की आकडा उड्या मारतो. छाती ओढली जाते का, ओठ कसे आहेत, हाक मारली तर पाहतो का, ते सांगा मला."

लेकराकडे पाहा. मी चोवीस तास त्याच्याबद्दल काळजी करत होतो आणि त्याच्याकडे पाहत नव्हतो.

रात्री बायकोला जरा आडवं व्हायला लावलं आणि मी त्याच्याकडे पाहत बसलो. तेव्हा त्या अध्यायाचा मधला भाग आठवला. पूतना पडल्यावर गोपी धावत येतात, तिच्या अंगावर खेळणाऱ्या बाळाला उचलतात. यशोदा, रोहिणी आणि बाकीच्या मिळून त्याच्यावरून गाईचं शेपूट फिरवतात, गोमूत्राने अंघोळ घालतात, गोधूळ लावतात. मग त्याच्या एकेका अवयवावर भगवंताचं एकेक नाव ठेवतात. यालाच न्यास म्हणतात. पण बाळाला हात लावण्याआधी त्या पाण्याचं आचमन करतात आणि स्वतःच्या अंगावर, हातांवर न्यास करतात. आधी आपले हात, मग मूल. वॉर्डाच्या दारावर सॅनिटायझरची बाटली होती आणि खाली हेच लिहिलं होतं.

मीही तसंच केलं. पाय अजाकडे. गुडघे मणिमानाकडे. कंबर अच्युताकडे. पोट हयग्रीवाकडे, हृदय केशवाकडे. इंद्रियं हृषीकेशाकडे. प्राण नारायणाकडे. इथे हात छातीवर थांबला. खाली ती छाती वरखाली होत होती. चित्त, मन, बुद्धी. पुढे गोपी तर दिनक्रमच वाटून देतात: खेळताना गोविंद, झोपल्यावर माधव, चालताना वैकुंठ, बसल्यावर श्रीपती, जेवताना यज्ञभुक. आईच अशी यादी करू शकते. आपण एकदाच 'सांभाळ रे' म्हणून मोकळे होतो.

बाजूच्या खाटेवर आमच्याच तालुक्यातल्या एका पोडावरची कोलाम बाई होती, तिची वर्षाची मुलगी. नवरा दूर कामाला गेलेला, फोन लागत नव्हता. ती माझ्याकडे पाहत होती. "भाऊ, ताप पाहता काय?" मी म्हटलं, नाही, देवाचं नाव ठेवतोय अंगावर. ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "आमच्या पोरीले बी करा." मी हात पुन्हा धुतले आणि केलं. नंतर तिला दोन घास खाऊन यायला पाठवलं आणि अर्धा तास तिची मुलगी मांडीवर घेऊन बसलो. तिचा देव माझ्या नावांचा नसेल. तिने विचारलं नाही, मीही नाही.

त्या अर्ध्या तासात लक्षात आलं की न्यास एकट्या यशोदेने केलेला नाही. तिथे गोपी म्हटलंय. शेजारणी. बाप मथुरेला होता, पण गोकुळ जागेवर होतं. माझ्या घरीही शेजारच्या काकू होत्या, आशाताई होत्या, 108 चा ड्रायव्हर होता. तिकडे हैदराबादला आम्ही नवव्या मजल्यावर राहतो. समोरच्या फ्लॅटमधल्या माणसांची नावं मला माहीत नाहीत. हा विचार अजून संपलेला नाही.

एक गोष्ट स्पष्ट सांगतो, नाहीतर कोणी उगाच चमत्कार शोधेल. धाकट्याला ऑक्सिजनने आणि शिरेतून दिलेल्या अँटिबायोटिकने बरं केलं, आणि वेळेवर हलवल्यामुळे ते मिळालं. जुन्या आयुर्वेदालाही पूतना ओळखीची आहे. सुश्रुताने मुलांना पछाडणारे नऊ बालग्रह सांगितलेत, त्यात पूतना आहे, आणि त्याने त्यावर उपचारही दिलेत, नुसती स्तोत्रं नाहीत. गोपींनीही त्यांच्या काळाला जे हाताशी होतं ते सगळं केलं, मग नाव ठेवलं. मी नाव ठेवलं ते माझ्या हातांना त्या रात्री काहीतरी खरं काम हवं होतं म्हणून.

पोळा वॉर्डातच गेला. त्या दिवशी पिठोरी अमावास्या, लेकरांसाठी आयांनी धरायचा दिवस. बायकोचा उपवास तसाही घडत होताच. तिसऱ्या दिवशी ऑक्सिजन कमी केला, चौथ्या दिवशी काढला. सिस्टरांनी नळ्या काढल्यावर नाकाच्या दोन्ही बाजूंना चिकटपट्टीचे लाल चट्टे उरले. मी त्याला उचलून घेतलं. त्याच्या डोक्याला घाम, दवाखान्यातलं फिनेल, सांडलेलं सिरप असा सगळा मिळून वास येत होता.

सहाव्या अध्यायाच्या शेवटी नंदबाबा घरी पोचतात. ते प्रचंड धूड पाहतात, झालेलं सगळं लोकांकडून ऐकतात. मी तो भाग नीट पुन्हा वाचला, शब्द न शब्द. कोणी त्यांना म्हणत नाही, तुम्ही कुठे होता. शुकाचार्यही म्हणत नाहीत. नंदबाबा मुलाला उचलतात, त्याच्या मस्तकाचा वास घेतात आणि त्यांना परम आनंद होतो. इतकंच आहे तिथे.

घरी आलो तर मोठी दारातच उभी. तान्ह्या पोळ्याला तिने दोन्ही लाकडी बैल ओढले होते, स्वतःचा आणि भावाचा. घरोघरी मिळालेला बोजारा रुमालात वेगळा बांधून ठेवला होता, त्याचे 30 रुपये, तिचे 30. "त्याच्या बैलाचं चाक निघालं पण," ती म्हणाली, "बाबा, तुम्ही लावून द्या."

चाक लावून झालं. उद्यापासून पुन्हा रोज. सातवा अध्याय, शकटासुराचा. त्यात बाळ भुकेने रडतंय आणि यशोदा आलेल्या पाहुण्यांची उठबस करण्यात इतकी गुंतलीय की तिला ते ऐकूच येत नाही.