हिंसादान कुणाचं?

निवडणूक जाहीर झाली की आमच्या बेळगाव भागात दोन गोष्टी लगेच होतात. चौकातले फलक उतरतात आणि परवान्याच्या बंदुका ठाण्यात जमा होतात. पावती घ्यायची, बंदूक ठेवायची आणि मतमोजणी होऊन वातावरण निवलं की परत आणायची. बँकेच्या दारात उभं राहणाऱ्या राखणदाराला सूट मिळते, कारण ती बंदूक म्हणजे त्याची भाकरी. सरसकट सगळ्यांच्या काढून घेऊ नका, एकेकाचं प्रकरण तपासा, असं न्यायालयांनी बजावलेलं आहे. तरीही निवडणूक आली की ठाण्याची कोठी भरतेच.

या रिवाजाचं मला नवल वाटतं. ज्या माणसाबद्दल पोलिसांनीच कधीतरी ‘हरकत नाही’ असं लिहून दिलं, त्याचीच बंदूक गावात जरा ताण आला की पोलीसच काढून घेतात. मग पोलिसांचं खरं मत कोणतं? फायलीतला तो कागद, की हातातली ही पावती?

आपल्याकडे बंदुकीच्या परवान्याचा कायदा १९५९ चा. त्याच्या आधी इंग्रजांचा १८७८ चा होता. त्यात हिंदी माणसाला परवाना लागे आणि गोऱ्याला लागत नसे, म्हणून त्याच्यावर आपल्या लोकांचा राग होता. स्वतंत्र भारताच्या कायद्यात असा भेद नाही. (आपल्याच राज्यातल्या कोडगूच्या लोकांना मात्र जुनी सवलत अजून आहे. तिकडे बंदुकीची पूजा हा सण असतो, तो विषय वेगळा.) अर्ज आला की अधिकाऱ्यानं जवळच्या ठाण्याचा अहवाल मागवायचा, असं तेराव्या कलमात आहे. अर्जदाराचं वय एकवीस पूर्ण आहे का, शिक्षा झालेली आहे का, शांतता राखण्याचा बाँड लिहून घेतलेला आहे का, डोकं ठिकाणावर आहे का, हे सगळं बघायचं. २०१६ च्या नियमांनी बंदूक सुरक्षित हाताळण्याचं प्रशिक्षण आणि डॉक्टरांचा दाखला यांची भर घातली. २०१९ साली आणखी बदल झाला. एका माणसाला तीन बंदुका ठेवता येत होत्या त्या दोनवर आल्या, परवान्याची मुदत तीन वर्षांची पाच वर्षं झाली आणि वरातीत हवेत बार काढणं हा शिक्षेचा गुन्हा ठरला. आणि एक गंमत बघा. ठाण्याचा अहवाल मुदतीत आला नाही, तर त्याची वाट न पाहता परवान्याचा निर्णय करायची मोकळीक त्याच तेराव्या कलमात आहे. म्हणजे पोलिसांचं मत हवं आहे, पण त्याच्यावाचून अडणारही नाही.

माझे एक मामा कर्नाटक पोलिसांत होते, फौजदार म्हणून निवृत्त झाले. त्यांना मी एकदा सरळ विचारलं, “मामा, बंदुकीचा कायदा आणखी कडक व्हावा असं तुम्हाला वाटतं का?” ते हसले. म्हणाले, “अगं, गावठी कट्टा घेणारा परवाना मागायला येतो होय? जो येतो तो बिचारा कागद घेऊन येतो. खून बघितले मी, पण बहुतेक कोयत्याचे, कुऱ्हाडीचे. परवान्याच्या बंदुकीनं झालेले बोटावर मोजण्याइतके.” मग थोडं थांबून म्हणाले, “पण परवान्याची बंदूक मी तीनदा जप्त केली. तिन्ही वेळा घरातनं. एक लग्नाच्या मांडवातनं, एक साफ करताना उडालेली, आणि एक...” तिसरीचं ते बोलले नाहीत. मामी आतून म्हणाल्या, “सोडा की तो विषय.”

मला वाटतं पोलिसांच्या मताची सगळी अडचण त्या दोन वाक्यांच्या मधे आहे. गुन्हेगाराचा विचार केला तर कायदा कडक करून काही हाती लागत नाही असं त्यांना वाटतं, आणि त्यात तथ्य आहे. घराचा विचार केला तर त्यांनाच बोलवत नाही.

आपल्या श्रावकाचारात या घराच्या बाजूला एक नाव आहे. समंतभद्राचार्यांच्या रत्नकरंडक श्रावकाचारात अनर्थदंडाचे पाच प्रकार सांगितले आहेत, त्यांतला एक हिंसादान. ज्या वस्तूनं जीव जाऊ शकतो ती दुसऱ्याच्या हाती देणं. नुसती वापरणं नव्हे, देणं. त्या यादीत तलवार आहे, विष आहे, साखळी आहे, तशी कुऱ्हाड, कुदळ आणि विस्तवही आहे. लहानपणी पाठशाळेत हे ऐकलं तेव्हा मी हसले होते. शेजारणीला विस्तव द्यायचा नाही तर तिची चूल पेटायची कशी? आता वाटतं, कुदळ-विस्तव त्या यादीत मुद्दाम आहेत. वस्तू वाईट आहे असं त्यात म्हटलेलंच नाही. गरज नसताना ती कुणाकडे जाते, हे बघायला सांगितलं आहे. आणि ती जिथं ठेवली जाते तिथं कुणाकुणाचे हात पोचतात, हे मी त्याला जोडून घेते.

आता कुणी म्हणेल, जैन माणसानं शस्त्र धरलंच नाही काय? धरलं की. बेळगावच्या किल्ल्यातली कमल बस्ती आपण सगळ्यांनीच पाहिली आहे. १२०४ साली रट्ट राजाच्या मंत्र्यानं बांधलेली, आत नेमिनाथ. खंदक ओलांडून, लष्कराच्या हद्दीतून दर्शनाला जावं लागतं. श्रवणबेळगोळचे बाहुबली उभे करणारे चामुंडराय गंगांचे सेनापती होते. गृहस्थाला संकल्पी हिंसा वर्ज्य; आरंभी, उद्योगी आणि विरोधी हिंसा त्याला पूर्ण टाळता येत नाही, हे आचार्यांनीच मान्य केलं आहे. राखणदाराची बंदूक उद्योगात येईल, सीमेवरच्या जवानाची विरोधात. तेव्हा बंदूक म्हटलं की कानावर हात ठेवणाऱ्यांतली मी नाही.

पण खानापूरच्या बाजूला शेती असलेल्या माझ्या चुलत दिरांनी बंदुकीसाठी अर्ज केला तेव्हा ती कुठल्या खान्यात घालायची, हे घरात कुणालाच सांगता येईना. भाताचं उभं पीक रानडुकरं एका रात्रीत लोळवतात, ते मी डोळ्यांनी पाहिलं आहे. वर्षाचं धान्य चिखलात. पीक-राखणीसाठी बंदूक मिळण्याची सोय कायद्यात आहे. मात्र बंदुकीचा परवाना म्हणजे डुक्कर मारायचा परवाना नव्हे, तो वनखात्याचा, वेगळा. दीर म्हणाले, “मारायचं कुठं आहे? आवाज काढायचा नुसता.” आवाज फटाक्यानंही निघतो, हे त्यांनाही ठाऊक होतं. ठाण्यातून चौकशीला माणूस आला, चहा घेऊन गेला. नावावर गुन्हा नाही, भांडणतंटा नाही, उतारा व्यवस्थित, बस्तीत मान आहे. हरकत नाही, असा अहवाल गेला.

तो अहवाल खोटा होता का? मुळीच नाही. जे विचारलं त्याचं खरं उत्तर त्यात होतं. पण आपल्याकडे कृत, कारित आणि अनुमोदना अशा तिन्ही वाटांनी पाप लागतं म्हणतात, म्हणून मला प्रश्न पडतो की ‘हरकत नाही’ ही अनुमोदना आहे काय? माझं मत असं की फौजदाराची ती अनुमोदना नव्हे. त्याला फक्त माणसाचा पूर्वेतिहास विचारलेला असतो, आणि तो वहीत बघून सांगतो. खरी अनुमोदना आपली, नात्यागोत्याची आणि शेजाऱ्यांची. चौकशीच्या वेळी ‘देवमाणूस आहे हो’ म्हणून सांगणाऱ्यांची. त्या घरात संध्याकाळनंतर आवाज कसे चढतात, मोठा मुलगा परीक्षेत नापास झाल्यापासून कुणाशी बोलत नाही, हे ठाण्याच्या वहीत नसतं. आपल्याला माहीत असतं.

आमच्या महिला मंडळात एकदा एक महिला पोलीस निरीक्षक बोलायला आल्या होत्या. विषय मोबाइलवरून होणाऱ्या फसवणुकीचा होता. प्रश्नोत्तरांत मी परवान्याचं काढलं. त्या म्हणाल्या, “माझ्यासमोर फाईल येते ती पुरुषाची. त्याची बायको त्या फायलीत कुठंच नसते. कधी भांडण होऊन ती ठाण्यात येते, तेव्हा कळतं की घरात बंदूक आहे.” मामांचं मत आणि या बाईंचं मत, दोन्ही खाकीतलीच, पण किती वेगळी!

हे आपल्याकडचंच आहे असंही नाही. अमेरिकेत घरोघरी बंदुका, आणि त्यांवरून रोजचा वाद. तिथल्या प्यू संशोधन केंद्रानं जवळजवळ आठ हजार पोलिसांना विचारून जानेवारी २०१७ मध्ये त्यांची मतं प्रसिद्ध केली. लष्करी धाटणीच्या बंदुकांवर बंदी आणावी असं म्हणणारे तीनांत एकसुद्धा धड नव्हते. सामान्य जनतेत मात्र ते निम्म्याहून पुष्कळ जास्त निघाले. पण खासगी विक्रीतही घेणाऱ्याची आधी चौकशी व्हावी, याला जवळजवळ नव्वद टक्के पोलिसांची संमती होती. म्हणजे बंदुकीपेक्षा माणूस बघा, असं त्यांचं म्हणणं, आमच्या मामांसारखंच. मात्र त्याच आकड्यांत एक गोष्ट दडलेली आहे. बंदीच्या बाजूचे पुरुष पोलीस साधारण चारांत एक, आणि पोलीस बायका निम्म्याहून अधिक. गणवेश तोच, प्रशिक्षण तेच, रस्ते तेच. बायका भित्र्या असतात, असं म्हणून हे झटकता येणार नाही. त्याही कमरेला पिस्तूल लावूनच फिरतात. माझा तर्क असा, की बंद दाराच्या आत बंदूक काय करते, हे त्यांना जास्त ऐकायला मिळत असावं. पुरुषाला जे कुणी सांगत नाही ते बाईला सांगतात.

कॅनडात परवाना मागणाऱ्याच्या बायकोची, एवढंच काय, नुकत्याच वेगळ्या झालेल्या जोडीदाराचीही सही अर्जावर मागतात, आणि सही नसेल तर तिला कळवतात. न्यूझीलंडमध्ये पोलीस घरी येऊन जवळच्या माणसाशी बोलतात. ही नुसती औपचारिकता केली तर काय होतं तेही त्याच देशानं पाहिलं. १५ मार्च २०१९ ला क्राइस्टचर्चच्या दोन मशिदींत एका माणसानं एक्कावन्न जणांना मारलं. त्याच्याकडे रीतसर परवाना होता. नंतरच्या चौकशी आयोगाला आढळलं की पोलिसांनी त्याच्या कुणा जवळच्या नातेवाइकाला विचारलंच नव्हतं. इंटरनेटवरच्या खेळातून ओळख झालेला एक मित्र आणि त्या मित्राचे पालक, यांच्या शब्दावर काम भागवलं होतं. त्या पोलिसांचा हेतू वाईट होता असं कुणी म्हणणार नाही. रकाना भरायचा होता, तो भरला. महिन्याच्या आत तिथल्या संसदेनं लष्करी धाटणीच्या बहुतेक बंदुकांवर बंदी आणली.

आपल्या कायद्यात ठाण्याला विचारायची सक्ती आहे, घरच्या बाईला विचारायची नाही. अर्थात, विचारलं तर ती खरं सांगेल का, हाही प्रश्न आहेच. सासरे सोप्यावर बसलेले, नवरा दारात उभा, समोर पोलीस, आणि हिनं म्हणायचं की घरात बंदूक नको? सहीचा रकाना वाढवला तर सही तेवढी मिळेल. ती निरीक्षक बाई म्हणत होत्या तसं एकटीला, बाई पोलिसासमोर, घराबाहेर बोलावून विचारलं तरच त्या विचारण्याला अर्थ.

माझ्या चुलत जाऊबाईंची गोष्ट सांगते. बंदूक त्यांच्या घरी येऊन आता चौथं वर्ष सरलं. कपाटाची किल्ली दिरांकडे, पण काडतुसांचा डबा देवघराशेजारच्या फडताळात, कारण तेवढी एकच जागा कोरडी. रोज पूजेला बसताना तो डबा दिसतो. गेल्या निवडणुकीत बंदूक जमा झाली तेव्हा त्या मला म्हणाल्या, “दोन महिने नातवाला शेतावर पाठवलं बघ, बिनघोर.” पुढच्या वर्षी परवान्याची मुदत संपते आहे. नूतनीकरणाच्या वेळी घरातल्या बाईनं अर्ज दिला तर तो फायलीला लागतो का, हे त्यांनी मला त्या निरीक्षक बाईंना विचारायला लावलं. मी विचारलं. बाई म्हणाल्या, “कुणीही लिहू शकतं. लिहून द्या, मी वाचल्याशिवाय फाईल पुढं सोडणार नाही.”

तसं मी जाऊबाईंना कळवलं. त्यांनी अजून लिहिलेलं नाही. म्हणतात, “लिहीन गं. पण लिहून झाल्यावर त्याच घरात राहायचं मला आहे.”