ओट्स, साबुदाणा आणि रेघेचा प्रश्न

लो-कार्ब आहार घेणाऱ्यांमध्ये ‘ओट्स चालतात का?’ हा वाद काही केल्या मिटत नाही. एक पक्ष म्हणतो, फायबर आहे, हृदयाला चांगलं, बिनधास्त खा. दुसरा म्हणतो, धान्य ते धान्य, हात लावू नका. खरं तर निकाल लावायला शाळकरी हिशेब पुरतो. 40 ग्रॅम कोरड्या ओट्समध्ये साधारण 26-27 ग्रॅम कर्बोदकं असतात आणि त्यातली चारेक ग्रॅम फायबरची. दिवसाला 130 ग्रॅमची मर्यादा पाळणाऱ्याला हे सहज परवडतं. 50 ग्रॅमवर राहणाऱ्याचा निम्मा दिवस त्यात खर्ची पडतो. 20 ग्रॅमच्या कडक कीटो आहारात मात्र ते बसतच नाहीत. एवढं सोपं असूनही भांडण चालू राहतं, कारण हा आहार मोजण्याचा आहे आणि त्याच्याबद्दलचा प्रश्न मात्र व्रताच्या थाटात विचारला जातो. मोजण्याचा नियम आणि व्रताचा नियम दिसायला सारखे असले, तरी त्यांची जबाबदारी वेगवेगळ्या दरबारांत असते.

व्रताचा नियम कसा चालतो, ते एकादशीला दिसतं. भात, पोळी, वरण वर्ज्य. साबुदाणा, बटाटा, रताळं, शेंगदाणे, राजगिरा, वरी चालतात. आहारशास्त्राच्या दृष्टीनं ही यादी मोठी गमतीची आहे. शंभर ग्रॅम कोरड्या साबुदाण्यात 87-88 ग्रॅम कर्बोदकं असतात, प्रथिनं आणि फायबर नावापुरतेच. म्हणजे वर्ज्य तांदळापेक्षा चालणारा साबुदाणाच वरचढ. वरी तर गवताच्या कुळातलं सरळसरळ धान्य आहे. बटाटा, रताळं, शेंगदाणा आणि ज्याच्यापासून साबुदाणा होतो तो कसावाचा कंद हे सगळे मूळचे अमेरिका खंडातले, पोर्तुगीजांनंतर इथे रुजलेले. एकादशीचं माहात्म्य सांगणाऱ्या पुराणकारांना त्यांचा पत्ताही नव्हता. त्यामुळे ‘एकादशी आणि दुप्पट खाशी’ म्हणत लो-कार्बवाले उपासकऱ्यांना हसतात. हे हसणं मला अस्थानी वाटतं. रक्तातली साखर खाली आणण्याचं काम एकादशीनं कधी अंगावर घेतलेलंच नाही. रोजचं ताट एका दिवसापुरतं मोडावं आणि आजचा दिवस विठ्ठलाचा आहे हे जेवतानाही लक्षात राहावं, यासाठी कुठेतरी रेघ हवी. ती नेमकी कुठून गेली यापेक्षा सगळ्यांनी मिळून ती पाळली, याला तिथे मोल आहे. ज्यू लोक पेसाहच्या सणात बिनखमिराची मात्झा सोडली तर पाच धान्यांचं काहीही खात नाहीत, आणि त्या पाचांत ओट्सही धरतात; तिथेही स्मरण आहे ते इजिप्तमधून झालेल्या सुटकेचं. हां, उपासानं पोटाला विश्रांती मिळते असा दावा कोणी केला, तर तो आपण होऊन मोजमापाच्या दरबारात आला, आणि तिथे साबुदाण्याच्या खिचडीची बाजू मांडणं अवघड आहे.

व्रताची रेघ किती जड असू शकते, याचं सर्वांत प्रामाणिक उदाहरण गांधींच्या दुधाचं आहे. त्यांनी 1912 साली दक्षिण आफ्रिकेत दूध सोडलं आणि पुढे त्याचं व्रतच झालं. 1918 च्या आजारपणात शरीर पार खंगलं, डॉक्टर दुधाचा आग्रह धरू लागले, तेव्हा कस्तुरबांनी शेळीच्या दुधाचा मार्ग सुचवला. व्रत घेताना मनात गाय-म्हशीचंच दूध होतं, असा अर्थ लावून गांधींनी ते घेतलं. पण व्रताचं अक्षर सांभाळलं आणि आत्मा गमावला, ही बोच त्यांनी आत्मकथेत लिहून ठेवली. पोषणाच्या हिशेबात शेळीचं काय आणि गाईचं काय, फारसा फरक नाही. त्यांना सलत होतं ते स्वतः आखलेली रेघ स्वतःच्या सोयीनं सरकल्याचं. वाटीभर ओट्स खाल्ले म्हणून मन खाणाऱ्या माणसाच्या बाबतीत असं काय सरकलेलं असतं? एक आकडा. तो संध्याकाळच्या पोळीत वळता करता येतो.

शिवाय ओट्सना ‘जात्याच’ कसला स्वभाव आहे, हे पुरावाही सांगत नाही. इन्शुलिन हाती येण्याआधी, 1903 च्या सुमारास, कार्ल फॉन नूर्डेन हे जर्मन डॉक्टर मधुमेह्यांना काही दिवस रोज पाव किलोच्या आसपास ओट्स लोण्याबरोबर देत, आणि काही रुग्णांच्या लघवीतली साखर चक्क कमी होई. पुढच्याच दशकात अमेरिकेत फ्रेडरिक अ‍ॅलन त्याच रोगावर जवळपास उपासमारीचा आहार देत होते. ओट्समधल्या बीटा-ग्लुकन या विरघळणाऱ्या तंतूमुळे कोलेस्टेरॉल उतरतं, हे मान्य करून अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानं 1997 साली पाकिटावर तसा दावा छापायला परवानगी दिली. पण तेच ओट्स बारीक करून ‘झटपट’ केले की रक्तातली साखर जाड तुकड्यांच्या ओट्सपेक्षा भराभर चढते. धान्य एकच, दळण, माप आणि खाणारा बदलला की उत्तर बदलतं.

यावर पहिला आक्षेप तर्काचा आहे. मिलेटसच्या युब्युलिडीस या ग्रीक तत्त्वज्ञाच्या नावावर ढिगाचं जुनं कोडं आहे: एक दाणा काढल्यानं ढीग मोडत नाही, मग तो मोडतो कधी? तसंच एका चमच्यानं लो-कार्ब बिघडत नाही, आणखी एकानंही नाही. या रीतीनं माणूस आख्खा डबा संपवेल. म्हणून सरसकट बंदी बरी. पण 130 हा आकडा माणसांनी ठरवलेला असला, तरी तो पाळता येतो. ढिगाला आकडा नाही म्हणून कोडं पडतं. इथे आकडा आहे. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. काहींना थोडक्यात थांबताच येत नाही. इंग्रज लेखक सॅम्युएल जॉन्सनना दारू अजिबात न पिणं सोपं जाई, बेतानं पिणं जमत नसे. अशा माणसानं ओट्स घरातच आणू नयेत, हे शहाणपणाचंच आहे. मात्र त्या बंदीचं कारण त्याच्या स्वभावात असतं. अडचण सुरू होते ती त्यानं शेजाऱ्याच्या वाटीकडे पाहून ‘हे लो-कार्ब नव्हे’ असा निवाडा दिला की. गीतेचा सहावा अध्याय अति खाणारा आणि अजिबात न खाणारा, दोघांनाही योग साधत नाही म्हणतो. तिथे पदार्थांची यादी नाही. अ‍ॅरिस्टॉटल तर सांगतोच, की मायलो पहिलवानाला कमी पडेल तेवढं अन्न नवशिक्याला जास्त होईल. अर्थात, कोणाला आपला आहार व्रत म्हणूनच पाळायचा असेल, तर त्यानं खुशाल ओट्स वर्ज्य करावेत. फक्त मग ग्लुकोमीटरचे आकडे पुढे करू नयेत, आणि शेजारच्या घरातल्या एकादशीच्या खिचडीला हसू नये.