व्रत आधी, कार्य नंतर

स्वतःच्या पोटापाण्यापलीकडचे, कोणाच्या तरी खऱ्या गरजेशी जोडलेले आणि दीर्घकाळ निभावायचे म्हणून जाणूनबुजून पत्करलेले काम म्हणजे माणसाचे जीवनकार्य. ते करताना कोणत्या वाटेने जायचे नाही हे ठरवणारी बंधने म्हणजे त्याची मूल्ये. या दोन गोष्टींचा उच्चार बहुधा एका दमात होतो आणि तिथेच घोटाळ्याला सुरुवात होते. कार्य परिस्थितीप्रमाणे बदलू शकते, आकुंचन पावू शकते, एखाद्या दिवशी पुरेही होऊ शकते. मूल्ये मात्र कामाच्या सोयीने बदलू लागली, तर कार्याचे नाव तेवढे शिल्लक राहते. म्हणून मूल्ये आधी ठरवावी लागतात, तीही स्पष्ट शब्दांत.

शब्दांत न ठरवलेल्या मूल्यांचे काय होते, हे डेक्कन एज्युकेशन सोसायटीच्या पहिल्या काही वर्षांत दिसले. १८८४ मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेत टिळक, आगरकर आणि त्यांचे सहकारी त्यागाच्या एकाच भावनेने एकत्र आले होते. आजन्म सेवकांनी तुटपुंज्या वेतनावर शिकवायचे, हे सर्वांना मान्य होते. पण संस्थेबाहेरचे काम करावे की नाही, त्यातून मिळकत झाली तर ती कोणाची, गरजेपुरते वेतन म्हणजे नेमके किती, या प्रश्नांवर प्रत्येकाच्या मनातले उत्तर वेगळे होते. १८९० मध्ये संस्थेचेच आजन्म सेवक गोपाळ कृष्ण गोखले यांनी सार्वजनिक सभेचे चिटणीसपद स्वीकारले तेव्हा हा मतभेद शिगेला पोहोचला आणि त्याच वर्षअखेरीस टिळकांनी राजीनामा दिला. या प्रसंगाकडे दोन स्वभावांचा संघर्ष म्हणून पाहिले जाते, आणि त्यात तथ्यही आहे. तरी त्याहून मोठे कारण हे की, त्याग ही भावना सर्वांची होती आणि त्यागाची व्याख्या कोणाचीच सामाईक नव्हती.

गोखले या वादाच्या केंद्रस्थानी होते. पंधरा वर्षांनी, १२ जून १९०५ रोजी, त्यांनी पुण्यात भारत सेवक समाज स्थापन केला तेव्हा प्रवेश करणाऱ्याला सात प्रतिज्ञा घ्याव्या लागत. देशाचा विचार प्रथम करणे, जात वा पंथ न पाहता सर्वांना बांधव मानणे, समाज जी तरतूद करील तीवर संतुष्ट राहून स्वतःसाठी पैसा मिळवण्यात शक्ती न घालवणे, खासगी आयुष्य शुद्ध ठेवणे, कोणाशीही वैयक्तिक भांडण न करणे, अशा त्या होत्या. उरलेल्या दोनपैकी एक देशसेवेतून वैयक्तिक लाभ न शोधण्याची आणि दुसरी समाजाच्या उद्दिष्टांशी निष्ठा राखण्याची. आत येणाऱ्याला पाच वर्षे उमेदवारी करावी लागे. पैशासंबंधीची आणि भांडणासंबंधीची प्रतिज्ञा वाचताना १८९० ची आठवण आल्यावाचून राहत नाही.

या प्रतिज्ञांमध्ये कोणी कोणते काम करायचे याचा उल्लेख नाही, आणि त्यातच त्यांचे मोठेपण आहे. गोपाळ कृष्ण देवधर पुण्याच्या सेवासदनातून स्त्रियांच्या शिक्षणाकडे वळले. ना. म. जोशी मुंबईच्या गिरणी कामगारांत गेले आणि १९२० मध्ये आयटक या कामगार महासंघाच्या स्थापनेत त्यांचा वाटा राहिला. मुंबई महापालिकेत अभियंता असलेले अमृतलाल ठक्कर १९१४ मध्ये नोकरी सोडून समाजात आले. १९२२ मध्ये त्यांनी भिल्ल सेवा मंडळ काढले आणि पुढे ते ठक्करबाप्पा म्हणून ओळखले गेले. व्रत एकच, कार्ये तीन. याची दुसरी बाजूही आहे. गोखल्यांच्या निधनानंतर १९१५ मध्ये गांधीजींनी समाजात येण्याची इच्छा दर्शवली, तेव्हा सदस्यांत मतभेद झाले आणि गांधीजींनी आपला अर्ज मागे घेतला. गोखल्यांवरची भक्ती दोन्हीकडे सारखी होती. कार्यपद्धतीवर एकमत होण्याजोगे नव्हते. अशा वेळी मन न दुखवता बाजूला होणे हाही मूल्यनिष्ठेचाच भाग आहे.

मूल्ये ठरली तरी कार्य लगेच सापडत नाही. ते बहुधा एखाद्या मोठ्या इच्छेतून गाळून घ्यावे लागते. धोंडो केशव कर्व्यांनी १८९३ मध्ये स्वतः विधवेशी विवाह केला आणि पुनर्विवाहाच्या प्रचाराचे काम हाती घेतले. लवकरच त्यांच्या लक्षात आले की, या प्रचाराने फार थोड्या स्त्रियांपर्यंत पोहोचता येते. विवाह न करणाऱ्या असंख्य विधवांना स्वतःच्या पायावर उभे करील ते शिक्षण. १८९६ मध्ये त्यांनी अनाथ बालिकाश्रम काढला आणि पुनर्विवाहाची चळवळ त्या संस्थेपासून अलग ठेवली. सुधारकांपैकी काहींना ही माघार वाटली. प्रत्यक्षात तो विचारपूर्वक केलेला संकोच होता, आणि १९१६ चे महिला विद्यापीठ त्याच वाटेवर उभे राहिले. एवढ्या मोठ्या कामाची पहिली पायरी काहीतरी सोडून देण्याची होती, ही गोष्ट त्यांच्या चरित्रातून सर्वांत कमी उचलली जाते.

मुंबईलगतच्या मीरा-भाईंदर परिसरात या विषयाच्या आणखी दोन अंगांची, हिशेब देण्याची आणि पैसा नाकारण्याची, उदाहरणे एकमेकांजवळ आहेत. उत्तनच्या केशवसृष्टीत रामभाऊ म्हाळगी प्रबोधिनी आहे. १९८२ मध्ये स्थापन झालेली ही संस्था लोकप्रतिनिधी आणि सामाजिक कार्यकर्त्यांना प्रशिक्षण देते. ज्यांच्या नावाने ती ओळखली जाते ते रामभाऊ म्हाळगी १९५७ मध्ये मावळमधून विधानसभेत गेले आणि १९७७ व १९८० मध्ये ठाण्यातून लोकसभेवर निवडून आले. म्हाळगींच्या पक्षाविषयी कोणाचे मत काहीही असो, आमदार म्हणून केलेल्या कामाचा अहवाल नियमितपणे मतदारांपुढे ठेवण्याची त्यांची रीत आदर्श म्हणावी अशी होती. हिशेब देण्याची सवय नसेल तर कार्य हळूहळू भावनेत विरघळते, आणि भावनेला कोणी जाब विचारत नाही.

दुसरे उदाहरण उत्तनच्या शेजारच्या गोराईतले. २००९ मध्ये खुल्या झालेल्या तिथल्या विपश्यना पॅगोड्यामागे सत्यनारायण गोएंका यांचे काम आहे. ब्रह्मदेशात वाढलेले हे व्यापारी १९६९ मध्ये भारतात आले आणि विपश्यना या ध्यानपद्धतीची शिबिरे घेऊ लागले. शिबिराला शुल्क नाही, शिकवणाऱ्याला मोबदला नाही, आणि देणगी घ्यायची ती किमान एक शिबिर पूर्ण केलेल्याकडूनच, असे नियम त्यांनी घातले. शेवटचा नियम विशेष विचार करण्याजोगा आहे. पैसा हवा असतानाही कोणाचा घ्यायचा नाही, हे त्यात आधीच ठरले आहे. मूल्याला किंमत मोजावी लागते ती अशी, दरवेळी आणि रोखीत. गोएंकांचे गुरू सयाजी ऊ बा खिन हे तर ब्रह्मदेशाचे महालेखापाल होते. त्यांनी सरकारी नोकरी सांभाळून कचेरीतल्या सहकाऱ्यांनाच ध्यान शिकवले.

ऊ बा खिन यांची ही गोष्ट मीरा रोड आणि भाईंदरच्या रहिवाशाला गोखल्यांपेक्षा जवळची वाटावी. २००१ च्या जनगणनेत ५,२०,३८८ लोकसंख्या असलेले हे शहर २०११ मध्ये ८,०९,३७८ वर गेले. घर इथे आणि नोकरी मुंबईत, अशी असंख्य कुटुंबांची रचना आहे. लोकलच्या गर्दीत जाऊन-येऊन दिवसाचे दोन-तीन तास संपतात, घराचा हप्ता चुकवता येत नाही. अशा माणसाला सर्वस्व सोडण्याचा आदर्श सांगणे हा त्याच्यावर अन्याय आहे. त्याच्या कार्याचा आवाका लहानच असणार, पण लहान असल्याने ते नेमके मांडता येते. ‘समाजासाठी काहीतरी करायचे’ या संकल्पात अपयश येऊच शकत नाही, म्हणून तो निरुपयोगी आहे. ‘आपल्या सोसायटीत घरकाम करणाऱ्या बायकांच्या, दहावीच्या गणितात अडकलेल्या मुलांना दोन वर्षे, आठवड्यातून दोन संध्याकाळी शिकवायचे’, हा संकल्प फसू शकतो, मोजता येतो आणि सुधारताही येतो. उत्तनच्या कोळीवाड्यातली निवृत्त माणसे सरकारी योजनांचे अर्ज भरून देऊ शकतात. खाडीकाठच्या तिवरांवर पडणाऱ्या भरावाची नोंद एखादा गट वर्षानुवर्षे ठेवू शकतो.

अशा कामाची मूल्येही तितकीच ठोस हवीत. ‘प्रामाणिकपणा, सेवा, समता’ हे शब्द कोणत्याही फलकावर शोभतात. गणिताच्या वर्गाला त्यांचा अर्थ वेगळ्या भाषेत लावावा लागेल: फी घ्यायची नाही; मुलांचा धर्म, जात, भाषा विचारायची नाही; त्यांचे फोटो दाखवून देणग्या मागायच्या नाहीत; निवडणुकीच्या तोंडावर कोणत्याही उमेदवाराकडून वह्या स्वीकारायच्या नाहीत. यांतला प्रत्येक नियम कधी ना कधी गैरसोयीचा ठरेल, आणि त्या दिवशीच तो मूल्य आहे की सजावट हे कळेल.

या सगळ्यात एक बाजू दुर्लक्षित राहते ती घरच्यांची. ध्येयवादी माणसाची चरित्रे बहुधा त्याच्या जागी उभे राहून लिहिली जातात. त्याच्या अल्प वेतनात घर कोणी चालवले, त्याच्या गैरहजेरीत मुलांचे आजारपण कोणी काढले, हे क्वचितच नोंदले जाते. कर्व्यांच्या पत्नी आनंदीबाईंचे ‘माझे पुराण’ हे आत्मचरित्र म्हणूनच मोलाचे आहे. एका थोर कार्यामागचा संसार घराच्या बाजूने कसा दिसतो, ते त्यात आहे. रविवारची सुट्टी एकट्याची नसते, ती घराची असते. म्हणून जीवनकार्य ठरवताना किती वेळ आणि किती पैसा बाहेर जाणार हे घरात बसून, सर्वांशी बोलून ठरवावे लागते, आणि घरातल्या कोणाला ते पुढे जड झाले तर पुन्हा बोलण्याची मुभा त्या ठरावातच ठेवावी लागते.