खरी वाक्यं, खोटा समज

मे महिना आला की खाजगी इंजिनिअरिंग कॉलेजांत माहितीपत्रकाची धांदल सुरू होते. सीईटी झालेली असते, कॅप राउंडचं वेळापत्रक कधीही लागेल अशी स्थिती असते, आणि त्याआधी ब्रोशर तालुक्यातालुक्यांत पोचायला हवं असतं. एसटी स्टँडसमोरचे फ्लेक्सही तेव्हाच उभे राहतात. पुढचा संवाद अशाच एका कॉलेजात चालला आहे असं समजावं. कॉलेज कल्पित आहे, त्याचे आकडेही कल्पित आहेत. पेच मात्र खरा आहे, आणि प्रवेश विभागात एखादा उन्हाळा काढलेल्या कुणालाही तो लगेच ओळखू येईल.

बोलणारे दोघे. प्रवेश विभागाचे प्रमुख, ज्यांना सगळं कॉलेज नुसतं ‘सर’ म्हणतं. आणि आयक्यूएसीच्या, म्हणजे अंतर्गत गुणवत्ता हमी कक्षाच्या, समन्वयक मॅडम.

सरांनी डिझायनरकडून आलेलं प्रूफ टेबलावर ठेवलं. मुखपृष्ठावर मुख्य इमारत. तिच्यावर सोनेरी पट्टीत ‘नॅक अ श्रेणीप्राप्त’, खालच्या कोपऱ्यात ‘एनबीए मानांकित’. मधल्या पानावर टाय लावलेल्या एका मुलाचा फोटो, शेजारी बोटभर उंचीच्या अक्षरांत ‘४२ लाखांचं पॅकेज’ आणि त्याखाली ‘९४ टक्के प्लेसमेंट’. मॅडमनी लाल पेनानं चार गोल केले.

“यातलं खोटं काय ते सांगा, आत्ता काढून टाकतो,” सर म्हणाले.

“खोटं काहीच नाही. म्हणून तर फुली मारली नाही, गोल केले.”

“मग अडचण काय आहे?”

“नॅकची श्रेणी पाच वर्षांची असते. आपली मार्चमध्ये संपली. पुढच्या सायकलचा अर्ज गेलाय, पिअर टीम अजून यायची आहे. श्रेणी मिळाली होती हे खरं, पण आज ती आपल्याकडे नाही.”

“‘प्राप्त’ असंच लिहिलंय. ‘आहे’ असं कुठं लिहिलंय?”

“ते मलाही दिसलं, सर. पण वाचणाऱ्याला दिसेल का?”

एनबीएचा मामला याहून अवघड होता. नॅक संपूर्ण संस्थेचं मूल्यमापन करते, एनबीए एकेका अभ्यासक्रमाचं. या कॉलेजात सहा शाखा, मानांकन दोनच शाखांना. तरी ‘एनबीए मानांकित’ ही अक्षरं कॉलेजच्या नावाखाली छापली की ती सहाही शाखांवर पसरतात. भारत २०१४ मध्ये वॉशिंग्टन कराराचा कायम सदस्य झाला. त्यामुळे करारातल्या इतर देशांत आपली इंजिनिअरिंगची पदवी समकक्ष धरली जाण्याची वाट मोकळी झाली, पण एनबीएनं टिअर-१ म्हणून मानांकित केलेल्या अभ्यासक्रमांपुरतीच. चार वर्षांनी परदेशी निघालेल्या मुलाला आपल्या शाखेला मानांकन होतं की नव्हतं हे तेव्हा कळलं, तर ब्रोशरमधलं वाक्य शब्दशः बरोबर होतं या गोष्टीचा त्याला काय उपयोग?

सर थोडा वेळ गप्प बसले. मग त्यांनी मनातलं सांगितलं, आणि ते हसण्यावारी नेण्यासारखं मुळीच नव्हतं.

“मॅडम, आपल्यापासून बारा किलोमीटरवर दुसरं कॉलेज आहे. लॅबमध्ये निम्मी यंत्रं बंद, शिक्षक कागदावर. त्यांचा फ्लेक्स बघितलात? ‘शंभर टक्के प्लेसमेंट.’ आपण ‘मानांकनाची मुदत संपली, अर्ज विचाराधीन’ असं छापलं तर मुलं तिकडं जातील. आपल्या जागा रिकाम्या राहतील आणि पहिला पगार थकेल तो करारावरच्या तरुण शिक्षकांचा. मुलांचंही वाईटच होईल, कारण ती आपल्यापेक्षा वाईट ठिकाणी शिकतील. तुमच्या खरेपणानं नेमकं कुणाचं भलं झालं?”

पेच खरा इथं आहे. ब्रोशरमध्ये धादांत खोटं छापणाऱ्याचा प्रश्न सोपा असतो. यूजीसी बनावट विद्यापीठांची यादी वेळोवेळी जाहीर करते, त्यात नागपूरचंही एक नाव वर्षानुवर्षं आहे. त्यावर चिंतन कसलं करायचं? अवघड असतो तो बरा माणूस, जो बऱ्या संस्थेसाठी, बऱ्या हेतूनं, एकही खोटं वाक्य न लिहिता वाचणाऱ्याचा गैरसमज होऊ देतो. महाराष्ट्रात १९८३ पासून विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजांना परवानगी मिळू लागली. त्यातून गावोगावच्या मुलांना इंजिनिअर होता आलं, हे नाकारून चालणार नाही. त्याच वाटेनं जागा भरण्याची स्पर्धाही आली, आणि सर तिच्या मधोमध उभे आहेत.

मॅडम म्हणाल्या, “तुमचं म्हणणं धर्मराजाच्या बाजूचं आहे. अश्वत्थामा नावाचा हत्ती खरंच मेला होता. शब्द खरा होता, आणि पलीकडे जिंकायलाच हवं असं युद्ध होतं.”

“मग?”

“द्रोणानं दुसऱ्या कुणाला न विचारता धर्मराजालाच विचारलं, कारण हा खोटं बोलणार नाही असा विश्वास होता. घात झाला तो त्या विश्वासाचा. आणि द्रोण निदान समोरच्या फौजेत तरी होता. आपलं ब्रोशर वाचणारा बाप आपल्याच बाजूनं आलाय. त्याच्या घरात याआधी कुणी इंजिनिअर झालेलं नाही. नॅक म्हणजे काय हे त्याला माहीत नाही. ती सोनेरी पट्टी त्याच्यासाठीच आहे ना?”

“म्हणजे सगळ्यात कमी माहिती असलेल्या वाचकाला धरून लिहायचं?”

“ज्याला माहिती आहे तो एनबीएच्या संकेतस्थळावर स्वतः जाऊन बघतो. माहितीपत्रक लागतं ते ज्याला माहिती नाही त्यालाच.”

इथं मॅडमचा मुद्दा मान्य करावाच लागतो. वाक्य खरं आहे का, एवढं तपासणं हे वकिलाचं काम झालं. शिक्षणसंस्थेला आणखी एक प्रश्न विचारावा लागतो: हे वाचून माणूस जे समजेल ते खरं आहे का?

सरांनी कायद्याकडे मोहरा वळवला. विद्यार्थी हा ग्राहक आहे का, यावर आपल्या न्यायालयांचं एकमत नाही, असं ते म्हणाले. ते बरोबरच होतं. पाटण्याच्या एका दंतवैद्यक महाविद्यालयानं १९९३ मध्ये मगध विद्यापीठाची संलग्नता आणि भारतीय दंत परिषदेची मान्यता असल्याचं भासवून प्रवेश दिले. दोन्ही नव्हतं. मुलांची दोन वर्षं फुकट गेली. बुद्धिस्ट मिशन डेंटल कॉलेज या नावानं ओळखल्या जाणाऱ्या त्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं २००९ मध्ये ही सेवेतली त्रुटी ठरवली आणि मुलांच्या बाजूनं निकाल दिला. पुढच्याच वर्षी महर्षी दयानंद विद्यापीठाच्या खटल्यात त्याच न्यायालयानं विद्यार्थी हा ग्राहक नाही असं म्हटलं.

“म्हणजे मोकळं रान आहे, असं म्हणायचंय तुम्हाला?”

“तसं नाही. रेघ कुठं आहे तेच कळत नाही, एवढंच.”

“ग्राहक कायद्यातली नसेल कळत. यूजीसीच्या २०२३ च्या विद्यार्थी तक्रार निवारण नियमांतली स्पष्ट आहे. प्रवेश सुरू होण्याच्या साठ दिवस आधी माहितीपुस्तिका प्रसिद्ध करायची. शुल्क, जागा, शिक्षकांची पात्रता, सोयी, सगळं त्यात द्यायचं. आणि पुस्तिकेतली माहिती खोटी किंवा दिशाभूल करणारी असेल तर ती रीतसर तक्रार होते, थेट लोकपालापर्यंत जाऊ शकते. ‘दिशाभूल करणारी’ हे वेगळं लिहिलंय, सर. ‘खोटी’ एवढ्यावर ते थांबलेले नाहीत.”

मग दोघं मधल्या पानावर आले. तिथला पेच आकड्यांचा होता.

मॅडमनी मागच्या कोऱ्या पानावर हिशेब मांडला. चार वर्षांपूर्वी प्रवेश ३००. वेळेत पास झाले २१०. त्यातले ‘प्लेसमेंटसाठी पात्र’ १५०, म्हणजे बॅकलॉग नाही, साठ टक्क्यांच्या वर आणि प्लेसमेंट अधिकाऱ्याकडे नाव नोंदवलेले. नोकरी लागली १४१ जणांना. १५० पैकी १४१ म्हणजे ९४ टक्के. २१० पैकी धरले तर ६७. प्रवेश घेतलेल्या ३०० पैकी धरले तर ४७.

“आता यातला खरा आकडा कोणता?” सरांनी विचारलं, आणि हा प्रश्न ते मनापासून विचारत होते.

“तिन्ही खरे. पण प्रवेश घेणारा मुलगा त्या तीनशेंत उभा आहे. दीडशेंत तो पोचेल की नाही हे ना त्याला माहीत, ना आपल्याला. कोणताही आकडा छापा, फक्त छेद लपवू नका.”

भारतीय जाहिरात मानक परिषदेची शिक्षणसंस्थांसाठीची मार्गदर्शक तत्त्वंही हेच सांगतात: नोकरी लागलेल्यांचा आकडा दिला तर त्या वर्गातून एकूण किती जण उत्तीर्ण झाले तेही द्या. स्पर्धा परीक्षांच्या शिकवण्यांवर अलीकडे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं दंड केले, तेही अशाच लपवाछपवीबद्दल. यशस्वी उमेदवाराचा मोठा फोटो छापायचा आणि त्यानं तिथं फक्त मुलाखतीची तयारी केली होती हे सांगायचंच नाही.

“आणि हा ४२ लाखांचा मुलगा,” मॅडम म्हणाल्या, “हा तर ऑफ-कॅम्पस लागला. स्वतःच्या जिवावर.”

“पण आपला विद्यार्थी आहे. मुलांना स्वप्न दाखवायचंच नाही का?”

“जरूर दाखवा. शेजारी मध्यक पगार छापा. सगळे पगार चढत्या क्रमानं लावले तर मधोमध येणारा, आपल्याकडे चार लाख. एनआयआरएफला, म्हणजे सरकारच्या राष्ट्रीय क्रमवारीला, आपण तोच आकडा दरवर्षी कळवतो, ती फाइल आपल्याच संकेतस्थळावर आहे. सरकारला एक आकडा आणि शेतकऱ्याच्या पोराला दुसरा, हे मला पटत नाही.”

स्वप्नाचा मुद्दा अमेरिकेत फार वेगळ्या तऱ्हेनं पुढं आला होता. विस्कॉन्सिन-मॅडिसन विद्यापीठानं २००० मध्ये आपल्या प्रवेशपुस्तिकेच्या मुखपृष्ठावर फुटबॉल सामन्याला जमलेल्या विद्यार्थ्यांचा फोटो छापला. सगळे चेहरे गोरे होते. म्हणून एका कृष्णवर्णीय विद्यार्थ्याचा चेहरा दुसऱ्या फोटोतून उचलून गर्दीत बसवला. तो मुलगा विद्यापीठात खरोखर शिकत होता, सामन्याला मात्र कधी गेलाच नव्हता. विद्यापीठाचा हेतू सर्वसमावेशक दिसण्याचा होता, आणि तसं होण्याची इच्छाही खोटी नसावी. पण ती पुस्तिका बघून येणाऱ्या कृष्णवर्णीय मुलाला आपल्यासारखे किती भेटतील याचं उत्तर त्या चेहऱ्यानं चुकीचं दिलं. व्हायचं आहे ते झालं आहे असं दाखवलं, आणि विद्यापीठाला माफी मागावी लागली.

सरांनी शेवटचा आणि सगळ्यात बोचरा प्रश्न राखून ठेवला होता.

“तुम्ही ज्या शिक्क्याची मुदत छापायला सांगताय, त्या शिक्क्यावर तरी तुमचा विश्वास आहे का? २०२५ च्या फेब्रुवारीत सीबीआयनं नॅकच्या पाहणी पथकातल्या लोकांना चांगल्या श्रेणीसाठी लाच घेतल्याच्या आरोपावरून अटक केली. आता तर श्रेणी काढून नुसतं ‘मान्यताप्राप्त’ किंवा ‘नाही’ एवढंच ठेवायचं ठरतंय. मग या सोनेरी पट्टीला अर्थ काय उरला?”

मॅडमना याचं उत्तर लगेच देता आलं नाही. गेली चार वर्षं त्यांनी नॅकच्या अहवालासाठी रात्री जागवल्या होत्या. त्यातल्या किती फायली तपासणीपुरत्या उभ्या राहिल्या हे त्यांच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं.

“शिक्का कमजोर झाला असेल,” त्या म्हणाल्या, “तर आपली जबाबदारी वाढली. कोणत्या विषयाला किती कायम शिक्षक आहेत, वेळेत किती मुलं पास होतात, लॅबमध्ये काय आहे, हे आपण स्वतःच छापू. नॅकची वाट कशाला बघायची?”

“आणि व्यवस्थापन म्हणेल, या मॅडम कॉलेजच्या बाजूच्या आहेत की विरोधात?”

हा आरोप संस्थेतल्या प्रत्येक प्रामाणिक माणसावर कधी ना कधी होतो. कोलंबिया विद्यापीठ २०२२ मध्ये एका प्रसिद्ध क्रमवारीत दुसऱ्या स्थानावर होतं. त्याच विद्यापीठातले गणिताचे प्राध्यापक मायकेल थॅडियस यांनी वर्गांचा आकार, शिक्षकांच्या पदव्या असे विद्यापीठानं दिलेले आकडे तपासले आणि ते जुळत नसल्याचं जाहीरपणे लिहिलं. विद्यापीठानं काही आकडे चुकल्याचं मान्य केलं आणि त्या वर्षी ते अठराव्या स्थानावर घसरलं. पुढच्या वर्षी पदवी अभ्यासक्रमांच्या त्या क्रमवारीतूनच ते बाहेर पडलं. तो प्राध्यापक विद्यापीठाविरुद्ध होता असं म्हणणं चूक आहे. विद्यापीठाचं जे मूळ काम, आकडे तपासून बघण्याचं, ते त्यानं केलं.

शेवटी दोघांनी मिळून प्रूफ दुरुस्त केलं. नॅकच्या ओळीत मुदत आली आणि ‘पुढील मूल्यांकनासाठी अर्ज सादर’ हे शब्दही आले. एनबीएपुढं दोन शाखांची नावं आणि वर्षं आली. ९४ टक्क्यांखाली तिन्ही छेद आले, तेही तळटीपेच्या बारीक टाइपात नाही, त्याच आकाराच्या अक्षरांत. ४२ लाखांवर मात्र सर अडून बसले. अखेर फोटो राहिला, त्याच्या बरोबरीनं मध्यक पगार बसवला. बारा किलोमीटरवरच्या कॉलेजचं काय करायचं, याचं उत्तर त्या दुपारी कुणालाच सापडलं नाही. तो फ्लेक्स उतरवण्याची ताकद एका मॅडमच्या लाल पेनात नाही. तिथं यूजीसी, एआयसीटीई आणि राज्याच्या तंत्रशिक्षण संचालनालयानं तक्रारीची वाट न बघता स्वतः हात घालायला हवा, आणि तोपर्यंत खरं छापणाऱ्या संस्थेला त्याची किंमत मोजावी लागणार आहे.

ती किंमत कमी करणं पालकांच्या हातात आहे. ऑप्शन फॉर्म लॉक करण्याआधी कॉलेजला तीन गोष्टी लेखी विचारा: नॅकची मुदत कोणत्या तारखेपर्यंत आहे, तुमच्या मुलाच्या शाखेला एनबीए आहे का, आणि मध्यक पगार किती. कॉलेज एनआयआरएफमध्ये भाग घेत असेल तर त्याच्या संकेतस्थळावर जाऊन ती फाइल उघडा. प्रवेश किती, वेळेत पास किती, नोकरी किती जणांना आणि मध्यक पगार किती, हे सगळं तिथं एका तक्त्यात असतं.