बाळपणीची नीज

सज्जनहो, आपल्या औसा तालुक्यातील किल्लारी आठवा. १९९३ सालच्या ३० सप्टेंबरची पहाट, वेळ ३ वाजून ५६ मिनिटे. गणपती बोळवून गाव नुकते निजले होते. दगडमातीच्या भिंती कोसळल्या, हजारो जीव झोपेतच गेले. वाचलेली लेकरे आज संसाराला लागली आहेत. त्यांतला कोणी अजून पहाटे दचकून उठतो, तेव्हा आपण पटकन म्हणतो, ‘नाम घेत नाही, मग झोप कशी लागणार?’ बाबांनो, असे बोलू नका! बाळपणीचे पोरकेपण, उपासमार, मारझोड यांचा वण पुढे झोपेवर उमटतो, हे वैद्यकही सांगते. तो नामाचा उणेपणा नव्हे.

माउली आणि त्यांची भावंडे आईबापांवाचून वाढली. समाजाने त्यांना वाळीत टाकले. ते सोसूनही माउलींनी पसायदान मागितले ते अवघ्या विश्वासाठी. आपण निदान शेजारच्या लेकरापुरते तरी पाहावे. कीर्तनाहून घरी जाताना पाहा, कोणी उपाशी, भ्यालेले निजले आहे काय? माळ ओढणारा हात त्याच्या पाठीवरून फिरवा. त्याच्या म्हातारपणच्या झोपेची पेरणी आजच होते. पांडुरंग विटेवर उभाच आहे. आपण एका लेकरासाठी घटकाभर जागलो तर काय बिघडले?

रामकृष्णहरि!